गोमंतकीय ख्रिस्ती आणि निष्ठेचा दाखला

गोवामुक्तीचा विषय निघाला की पुणेकराची मान थोडी ताठ होते, आणि त्यात वावगे असे काही नाही. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली, तेव्हा तिच्या पाठीशी असलेली गोवा विमोचन सहायक समिती याच शहरात उभी राहिली होती. केशवराव जेधे आणि जयंतराव टिळक यांच्यासारखी, एरवी परस्परविरोधी परंपरांत वाढलेली माणसे त्या समितीत एकत्र बसली. समाजवादी, कम्युनिस्ट, हिंदुत्ववादी असे सारे एका ध्येयासाठी तुरुंगात गेले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मृत्युमुखी पडली. हा इतिहास आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि तो अभिमानाने पुढच्या पिढीला सांगितला.

मात्र त्या इतिहासात एका समाजाची जागा रिकामी राहिलेली आहे, हे मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. पदवीच्या वर्गात परदेशी गेलेल्यांनी घरी पाठविलेल्या पैशाचा अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम शिकवीत असताना मी गोव्याचे उदाहरण घेतले होते. तास संपल्यावर ती भेटावयास आली. राहणार कॅम्पातली, आजोबा बारदेशातून येथे येऊन बेकरीत कामाला लागले, ही गोष्ट १९६१ च्या आधीची. कुठल्याशा कचेरीत अर्ज भरताना तिचे आडनाव वाचून समोरच्या कारकुनाने, "तुम्ही पोर्तुगीज का?" असे विचारले होते. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, नुसती चौकशी होती, असे तिनेच सांगितले. मग तिने मला विचारले, "सर, पुण्याहून सत्याग्रही गेले ते माझ्या आजोबांना सोडवायला, की आजोबांच्या हातून गोवा सोडवायला?"

या प्रश्नाला मी त्या दिवशी दिलेले उत्तर अपुरे होते. पुढील मजकूर म्हणजे ते पुरे करण्याचा प्रयत्न समजावा.

गोव्यातील ख्रिस्ती माणूस पोर्तुगीज राजवटीचा लाडका होता, ही आपल्याकडील सर्वसाधारण समजूत. ती तपासावयाची तर थोडे मागे जावे लागेल. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत जे धर्मांतर झाले त्यात सक्तीचा आणि आमिषाचा वाटा मोठा होता, हे सर्वविदित आहे. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन आले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत टिकले. परंतु या न्यायासनापुढे खेचले गेलेल्यांत फार मोठी संख्या बाटलेल्यांचीच होती, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. बाप्तिस्मा घेतलेला माणूस आतून जुनाच राहिला आहे, हा संशय त्यामागे होता. १७३६ च्या फर्मानाने लग्नातल्या ओव्या, अंगाला लावावयाची हळद, दारची तुळस, धोतर नेसणे अशा बारीकसारीक गोष्टींवर बंदी घातली. ज्याने धर्म स्वीकारला त्याच्याकडे भाषा, वेष आणि स्वयंपाकघर यांचाही हिशेब मागितला गेला. १६८४ च्या हुकुमाने तर त्याची बोलीच सोडावयास सांगितली. ज्या समाजासाठी १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण मराठीत छापले गेले, त्याच समाजाला काही पिढ्यांत मराठी परकी वाटू लागली. ती काही त्याने आपण होऊन टाकलेली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये उदारमतवादी राज्यघटना आली, तेव्हा गोव्यातील ख्रिस्ती सुशिक्षितांना आपण बरोबरीचे नागरिक झालो असे वाटले. १८३५ मध्ये बर्नार्दु पेरेस द सिल्व्हा या गोमंतकीय गृहस्थाची गोव्याच्या सर्वोच्च पदावर नेमणूकही झाली. अवघ्या सतरा दिवसांत लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केले. १९१० च्या प्रजासत्ताकाने धर्म आणि राज्य यांची फारकत करून हिंदूंनाही समान हक्क दिले. मग सालाझार आला आणि १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने सारे चित्र पालटले. समुद्रापलीकडील प्रदेश ताब्यात ठेवणे आणि तेथील लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगालचे अंगभूत कार्य आहे, असे त्या कायद्याने सांगितले. चार शतके चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या माणसाला आपण अद्याप सुसंस्कृत व्हावयाचे आहोत असे कळले!

याविरुद्ध पहिला आवाज उठला तो चांदोरच्या लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांचा. गोव्याच्या सरकारी मंडळात त्यांनी १९३० मध्येच या कायद्याचा निषेध करणारा आणि गोमंतकीयांचा स्वयंनिर्णयाचा हक्क सांगणारा ठराव मांडला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन केली आणि १९४४ मध्ये 'गोमंतकीयांचे अराष्ट्रीयीकरण' या विषयावर पुस्तिका लिहिली. आपल्याच समाजाची इतकी निष्ठुर चिकित्सा करणारे लेखन त्या काळात विरळा. १९४६ मध्ये त्यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १८ जून १९४६ रोजी मडगावला राममनोहर लोहियांनी जी सभा घेतली तिचे स्मरण आपण करतो. पण लोहिया गोव्यात उतरले होते ते असोळण्याच्या डॉ. जुलियांव मिनेझिश यांच्या घरी, हे सांगावयाचे राहून जाते.

पुण्याहून तुकड्या निघण्याच्या नऊ महिने आधी, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, गोमंतकीयांनी स्वतः सत्याग्रह केला. भारत सरकारने त्या दिवशी केवळ गोमंतकीयांनाच हद्द ओलांडू दिली. तीन तुकड्या तीन दिशांनी गेल्या. त्यांचे नायक होते आल्फ्रेड आफोन्सो, अँथनी डिसोझा आणि मार्क फर्नांडिस. आफोन्सोंच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढविला. तिन्ही नायक ख्रिस्ती होते, आणि हा योगायोग मानण्याचे कारण नाही. गोवा हा कॅथलिक प्रदेश आहे, त्याला हिंदू भारताच्या हाती देणे म्हणजे तेथील ख्रिस्ती जनतेला वाऱ्यावर सोडणे, असा कांगावा सालाझार जगभर करीत होता. त्याला त्या तीन नावांनी परस्पर उत्तर दिले. पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये पंडित नेहरू रोमला पोपना भेटले आणि गोव्याचा प्रश्न धार्मिक नसून राजकीय आहे हे तेथूनही मान्य करून आले.

हुकूमशहा अल्पसंख्याकांवर अन्याय करतो, हे सांगावयास अर्थशास्त्राचा अध्यापक कशाला हवा? सालाझारने गोव्यात जे केले ते याहून अवघड होते. त्याने एका समाजाच्या नावाने बोलावयास सुरुवात केली. १९५१ मध्ये वसाहतींचे नाव बदलून त्यांना सागरापारचे प्रांत म्हटले आणि गोवेकर हे पोर्तुगीजच आहेत असे जाहीर केले. पण या 'पोर्तुगीज' माणसाला पक्ष काढता येत नव्हता, सभा भरविता येत नव्हती आणि परीक्षकाच्या शिक्क्यावाचून लग्नाची निमंत्रणपत्रिकाही छापता येत नव्हती. त्याच्या वतीने लिस्बनहून रोज निष्ठेच्या घोषणा होत. तो गप्प बसला तर त्या मौनाला संमती समजत, आणि बोलला तर आग्वादच्या तुरुंगाची वाट दाखवीत. अशा राजवटीखाली कोण मनाने कोणाचा, हे बाहेरच्याने ओळखावे कसे? हुकूमशाहीत निष्ठा मोजण्याचे मापच नाहीसे झालेले असते. तरीही सीमेपलीकडे बसून आपण ती मोजली, आणि मोजताना सालाझारचाच हिशेब खरा धरला. तो म्हणाला, हे माझे लोक. आपण म्हणालो, असतील.

याला आर्थिक बाजूही आहे. गोव्यातील शेतीवर पोट भरत नव्हते आणि राजवटीने उद्योग उभे केले नव्हते. म्हणून गोवेकर मुंबईत, कराचीत, पूर्व आफ्रिकेत आणि जहाजांवर गेला. मुंबईत धोबी तलावापासून माझगावपर्यंत गावोगावच्या ख्रिस्ती मंडळींच्या 'कुडी' होत्या; खलाशी, स्वयंपाकी आणि वादक तेथे पथारी टाकून राहत आणि गावी पैसे पाठवीत. आमच्या कॅम्पातील बेकऱ्या, लष्करी बँडमधील वादक, घरोघर पियानो आणि व्हायोलिन शिकविणारे मास्तर यांतही ही माणसे होती. गोव्याच्या आयातनिर्यातीतील तूट बऱ्याच अंशी त्यांच्या कमाईवर भरून निघे. म्हणजे ज्या गोवेकराला लिस्बन आपला म्हणत होते त्याचे घर भारतीय रुपयावर चालत होते! १९५५ नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आगगाडी थांबली, पैसे पाठविण्यावर निर्बंध आले. राजकीय दृष्ट्या ते पाऊल योग्य असेलही. पण त्याचा पहिला चटका गव्हर्नरला बसला नाही, तर म्हापशाच्या किंवा मडगावच्या आसपास पोस्टमनची वाट पाहणाऱ्या म्हातारीला बसला. राजवटीने त्यावर तोड काढली. परदेशी माल मुक्तपणे आणविला, लोहखनिजाची निर्यात जपानकडे वाढविली आणि बाजारात तात्पुरती सुबत्ता दिसू लागली. या सुबत्तेत ज्यांनी हात धुऊन घेतले त्यांत सर्व धर्मांचे लोक होते. खाणींच्या धंद्यात तर हिंदू घराणी ठळकपणे पुढे होती. त्यांच्या निष्ठेविषयी पुण्यात कोणी प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

हे चित्र एकरंगी करण्याचा माझा हेतू नाही. पोर्तुगीज भाषेत वाढलेली, त्या राजवटीच्या जाण्याने खरोखरच दुःखी झालेली ख्रिस्ती कुटुंबे होती. १९६२ च्या नागरिकत्वविषयक आदेशाने गोव्यातील रहिवाशांना आपोआप भारतीय नागरिक केले आणि ज्यांना दुसरे नागरिकत्व राखावयाचे असेल त्यांना एक महिन्याची मुदत दिली. कांदोळीच्या एका धर्मगुरूंनी पोर्तुगीज राहण्याचे निवडले. पुढे परवान्याची मुदत संपूनही ते गोव्यातच राहिले, म्हणून परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. कायद्याच्या दृष्टीने निकालात खोट काढता येईल असे मला वाटत नाही. तथापि, जन्मगावी राहण्यासाठी परवाना मागण्याचे नाकारणाऱ्या त्या वृद्ध धर्मगुरूंच्या मनात देश म्हणजे नेमके काय असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. ते गाव सोडावयास तयार नव्हते आणि राष्ट्रीयत्वही सोडावयास तयार नव्हते. चार शतकांच्या इतिहासाने त्यांच्यापुढे जो गुंता ठेवला होता तो सोडविण्यास सरकारने दिलेला एक महिना कमीच होता.

आता १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाकडे येतो. आपल्या मनातील अढी खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश, असा तो सवाल होता. विलीनीकरणाच्या 'फुला'ला १,३८,१७० मते पडली, तर 'दोन पानां'ना १,७२,१९१. महाराष्ट्राची निराशा झाली, आणि ख्रिस्ती मतांनी घात केला, असे निदान आपल्याकडे लगोलग झाले. माझ्या वडिलांच्या पिढीतील चांगली शिकलेली माणसेही ते बोलून दाखवीत. त्यांच्यापैकी कोणी कागदपेन्सिल घेऊन बसले असते तर बरे झाले असते. पडलेल्या मतांपैकी सुमारे साडेपंचावन्न टक्के मते विलीनीकरणाच्या विरोधात होती. ख्रिस्ती लोकांचे लोकसंख्येतील प्रमाण त्या वेळी चाळीस टक्क्यांहून कमी होते. दोन्ही समाजांत मतदान सारख्याच प्रमाणात झाले असे धरू, आणि प्रत्येक ख्रिस्ती मत 'दोन पानां'वरच पडले असेही धरू. तरीही शंभरातील पंधरा मते दुसरीकडून आली असली पाहिजेत. ख्रिस्तेतर मतदारांतील निदान चौघांमागे एकाने महाराष्ट्राला नकार दिला, असा याचा सरळ अर्थ होतो. विलीनीकरणाविरुद्ध मडगावच्या ज्या दैनिकाने रान उठविले ते 'राष्ट्रमत' मराठीत निघत होते. म्हणजे आपला पराभव मराठी वाचणाऱ्या हिंदू गोमंतकीयानेही केला होता. पण त्याच्या मताला मत समजले गेले आणि ख्रिस्ती माणसाच्या मताला कारस्थान. महाराष्ट्रात यावयाचे नाही असे म्हणणे आणि भारतात राहावयाचे नाही असे म्हणणे, या दोहोंतील फरक त्या वेळी आपल्या ध्यानात राहिला नाही, याची आज खंत वाटते.

तीच अढी अलीकडे पासपोर्टच्या निमित्ताने वर आली. १९७४ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगालमधील हुकूमशाही सैनिकांच्या उठावाने कोसळली, आणि त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. पुढे तेथील कायद्यांनी १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदविण्याची वाट खुली ठेवली. हजारोंनी ती धरली. त्यातले कितीतरी लिस्बनला राहावयास न जाता इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावात गोदामात आणि कारखान्यात कामाला लागले. परदेशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपते, ही किंमत मोजून ते गेले. या रांगेत ख्रिस्त्यांबरोबर हिंदू होते, मुसलमान होते. मजुरीच्या दरांतील तफावत आणि युरोपभर काम करण्याची मुभा एवढे सांगितले की अर्थशास्त्राला या स्थलांतरासाठी आणखी कारण लागत नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या सदाशिव पेठेतील मुलाच्या सत्काराला आपण हार घेऊन जातो. मडगावच्या मुलाने तेच केले की त्यात आपल्याला सालाझारचे भूत दिसते.

त्या विद्यार्थिनीला हे सारे मी पुढे सवडीने सांगितले. तिने शांतपणे ऐकले; पटले की नाही ते कळले नाही. मात्र तिला एक गोष्ट मनापासून आवडली असावी, कारण ती तिने वहीत उतरवून घेतली. मोहन रानडे हे सांगलीकडचे मराठी शिक्षक. गोव्यात शिकवीत असताना ते सशस्त्र चळवळीत पडले, १९५५ मध्ये जखमी अवस्थेत सापडले आणि सव्वीस वर्षांची सजा होऊन पोर्तुगालला गेले. तेलू द मास्कारेन्यश हे गोव्यातील ख्रिस्ती लेखक व संपादक. त्यांनाही पोर्तुगालच्याच तुरुंगात ठेवले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. गोव्यात फटाके वाजले, पुण्यात पेढे वाटले गेले; हे दोघे मात्र तिकडे आतच राहिले. रानडे १९६९ च्या जानेवारीत सुटले, मास्कारेन्यश त्यानंतरच्या वर्षी. रानड्यांचे अखेरचे दिवस आपल्या पुण्यातच गेले. २०१९ च्या जूनमध्ये ते येथेच वारले.

तिने मला विचारले की मास्कारेन्यश यांचे नाव एखाद्या पाठ्यपुस्तकात आहे का. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन पाहिले. गोवामुक्तीवरील जी चार-सहा मराठी पुस्तके तेथे होती त्यांपैकी एका पुस्तकाच्या सूचीत ते सापडले, नावाची वर्णरचना चुकलेली होती. ते पान मी तिला दाखविले. तिने पेन्सिलीने समासात बारीक अक्षरात नाव बरोबर लिहिले आणि पुस्तक परत केले. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये हा नियम मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी तो तिला सांगितला नाही.